तीन आकड्यांचा डबा: बीबीसी मायक्रोवर फ्लॉपी एम्युलेटर, गणपती ते पाडवा

ज्याने कोणी या डब्याला फक्त तीन आकड्यांची लाल खिडकी बसवली, त्याने आयुष्यात एकाही फ्लॉपीवर लेबल चिकटवलेलं नसणार. गणपतीच्या आधी घेतलेल्या फ्लॉपी एम्युलेटरबद्दल गुढीपाडवा उलटल्यावर लिहायला बसलो, तर पहिलं वाक्य हेच सुचलं. बाकी वस्तू चांगली आहे. चांगली आहे म्हणूनच राग जास्त येतो.

डबा तुम्हाला माहीत असेलच. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसतो आणि पेनड्राइव्हवरच्या फाइली यंत्राला फ्लॉपी म्हणून दाखवतो. साडेतीन इंची ड्राइव्हच्या मापाचा, पुढे यूएसबी, दोन बटणं आणि ते आकडे, मागे ३४ पिनांचा कनेक्टर. जुन्या भरतकाम यंत्रांना वगैरे लावतात तोच. मी तो बीबीसी मायक्रो मॉडेल बी या जुन्या ब्रिटिश संगणकाला लावलाय. १९८४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत गेलेलं हेच यंत्र. ज्यांच्या शाळेत होतं त्यांना यंत्राआधी खोलीबाहेरचा चपलांचा ढीग आठवेल. ३२ केबी रॅम, २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, बाकीचं सांगत बसत नाही. माझा सव्वापाच इंची ड्राइव्ह नुसता गुरगुरायचा, वाचायचा काही नाही. चालू स्थितीतल्या ड्राइव्हला लोक जो भाव सांगतात त्यात अख्खं यंत्र यायला हवं. म्हणून डबा. अठराशे रुपये, कुरिअर वेगळं.

आता विक्रेत्याची गोष्ट, थोडक्यात, कारण रक्तदाब वाढतो. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं, ‘फ्लॅशफ्लॉपी घालून मिळेल’, म्हणजे बीबीसीलाही चालणारं फर्मवेअर, डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर. जोडला, शिफ्ट दाबून ब्रेक सोडलं, तर ‘डिस्क फॉल्ट १८’. केबल उलटी नव्हती. उलटी असती तर दिवा सतत पेटून राहिला असता. आत कारखान्यातलं मूळ फर्मवेअर होतं. ते फक्त पीसीच्या १.४४ एमबी फ्लॉपीची नक्कल करतं, बीबीसीच्या डीएफएसशी, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या प्रणालीशी, त्याचं काही देणंघेणं नाही. मी फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘सर, डिव्हाइस रिस्टार्ट करून पाहा.’ पुन्हा लिहिलं, ‘अहो, फर्मवेअरच चुकीचं आहे.’ त्यावर, ‘सर, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.’ परत पाठवायचं तर कुरिअरचा खर्च माझा. शेवटी पुढच्या खरेदीवर शंभर रुपये सूट देणारं कूपन आलं. पुढची खरेदी!

फर्मवेअर मीच घातलं. नव्या डब्यांत एटी३२ जातीची चिप असते. दोन्ही टोकांना मोठं यूएसबी असलेली केबल लागते आणि बोर्डावर एक जंपर जोडावा लागतो, मग संगणकाला चिप दिसते. केबल साठ रुपयांची. फ्लॅशफ्लॉपी फुकट आहे, आणि फुकट वस्तू इतकी नीटनेटकी क्वचितच मिळते. पेनड्राइव्हवर एफएफ.सीएफजी नावाची फाइल टाकून तिच्यात होस्ट म्हणून ‘एकॉर्न’ (बीबीसी बनवणारी कंपनी) लिहिलं की एसएसडी आणि डीएसडी प्रतिमा, म्हणजे एकबाजू आणि दुबाजू डिस्कची नक्कल असलेल्या फाइली, सरळ उघडतात. (लॅपटॉपमधला एसएसडी नव्हे. ८० ट्रॅक, ट्रॅकला १० सेक्टर, सेक्टरला २५६ बाइट, म्हणजे २०० केबीची एकबाजू डिस्क.) वीज बीबीसीच्या पोटाखालच्या सॉकेटमधूनच घेतली. डब्याला फक्त ५ व्होल्ट लागतात, त्यामुळे वेगळा अडॅप्टर वाचला. हा मुद्दा मी घरात दोनदा बोलून दाखवला.

मग सुरू झालं आकड्यांचं प्रकरण.

मूळ मांडणीत डबा पेनड्राइव्हवरच्या फाइली वर्णानुक्रमे लावतो आणि ०००पासून नंबर देतो. खिडकीत नाव दिसत नाही, फक्त नंबर. म्हणून मी कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या पाठीमागे यादी केली. ०१४ एलिट (अंतराळातला खेळ), ०२२ वर्डवाइज (लेखनाचा प्रोग्रॅम), ०३७ माझे बेसिक प्रोग्रॅम. दोन पानं भरली. एके संध्याकाळी ‘बी’ने सुरू होणारी एक नवी प्रतिमा टाकली आणि तिच्यापुढचं सगळं एकाने सरकलं! ०१४ दाबलं की एलिटच्या आधीचं काहीतरी उघडायचं. दोन पानं बाद. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशा चाळीस हजार डिस्का मावतात हे जाहिरातीत ठळक अक्षरांत असतं. त्या ओळखायच्या कशा, याबद्दल चकार शब्द नाही. खिडकीत तर ९९९च्या वर आकडाच जात नाही.

यावर उपाय आहे. सेटिंगमध्ये इंडेक्स्ड मांडणी निवडायची आणि फाइलीचं नाव डीएसकेए००१४ असं सुरू करायचं, पुढे जोडून हवं ते नाव. मग नंबर फाइलीला चिकटतो, नवीन काही टाकलं तरी हलत नाही. मी सगळ्या फाइलींची नावं बदलली आणि यादी तिसऱ्यांदा लिहिली, या वेळी शाईने. पण तरी १४वरून १४०वर जायचं तर बटण दाबून धरून आकडे पळताना बघत बसायचं, आणि बोट उशिरा उचललं की मागे फिरायचं.

इथपर्यंतचं सगळं मी दिवाळीपूर्वी लिहिलं असतं तर डब्याला पाचपैकी दोन दिले असते, आणि लॅपटॉपवर अख्ख्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटर प्रोग्रॅमला शून्य. माझं तेव्हाचं ठाम मत असं की असला एम्युलेटर हा ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी करायचा उद्योग. मग दिवाळीच्या तोंडावर यंत्रातून धूर आला.

धूर म्हणजे नुसता नव्हे. फटका फुटल्यासारखा आवाज, पाठोपाठ करपलेल्या माशासारखा वास आणि पांढरा लोट. गंमत अशी की स्क्रीनवरचा प्रॉम्प्ट जागच्या जागी लुकलुकत होता. या यंत्रांच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या वाटेवर दोन पिवळट, पारदर्शक कवचाचे कागदी कॅपॅसिटर असतात. चाळीस वर्षांत त्या कवचाला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते, आणि एखाद्या दिवशी ते जातात. यंत्र बहुधा वाचतं. ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड, दोन्ही मेन्ससाठीच्या एक्स-२ वर्गाचेच घ्यायचे. साधा कॅपॅसिटर तिथे चालत नाही. किंमत चहा-वड्याइतकी. दुकानात मात्र तासभर गेला. काउंटरवरच्या काकांनी यंत्र उलटंपालटं करून विचारलं, “हा कीबोर्ड झाला. सीपीयू कुठं ठेवलाय?” मी म्हटलं, “काका, यातच आहे सगळं.” त्यांनी मुलाला हाक मारली, “अरे, इकडे ये, बघ हे.” मग दोघांनी मिळून झाकण उघडून पाहिलं आणि काम दोन दिवसांवर ढकललं. ते दिवाळीनंतर झालं.

त्या मधल्या काळात बीबएम या लॅपटॉपवरच्या एम्युलेटरवर बसलो आणि मत फिरलं. ब्राउझरमध्ये चालणारा जेएसबीबही वापरला, त्याला तर काही बसवावं लागत नाही. पण खरं काम बीबएममध्ये झालं. कारण रटाळ आहे. फ्लॉपी जोडलेल्या बीबीसीवर बेसिक प्रोग्रॅमची जागा मेमरीत हेक्स १९०० या पत्त्यापासून सुरू होते, कॅसेटवर हेक्स ई००पासून. मोड १ या स्क्रीन-मांडणीत स्क्रीनच २० केबी गिळते. म्हणजे कॅसेटवाल्याला ८,७०४ बाइट मिळतात आणि फ्लॉपीवाल्याला ५,८८८. इतक्या जागेत लिहायचं तर पुन्हा पुन्हा कापावं, चालवावं, मोडावं लागतं. एम्युलेटरमध्ये लॅपटॉपवर लिहिलेलं चिकटवता येतं, वेग वाढवता येतो, यंत्राची स्थिती जपून परत तिथेच येता येतं. झालं की तीच एसएसडी फाइल पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह डब्यात. आता माझा दिवस असाच चालतो. लिहिणं लॅपटॉपवर, चालवणं यंत्रावर. दोन्हींच्या मध्ये हा डबा नसता तर दोन्ही आपापल्या जागी निरुपयोगी होती.

यंत्रासोबत शाळेतल्या फ्लॉप्यांची एक पेटी आली होती. एका डिस्कवर पाढे, गणित२ आणि दिवाळी अशा फाइली निघाल्या, इंग्रजी अक्षरांत, सात अक्षरांच्या आत, कारण डीएफएसला त्याहून लांब नाव चालत नाही. दिवाळी चालवून पाहिली तर मोड २मध्ये काढलेला आकाशकंदील. मोड २मध्ये आठ रंगांशिवाय आठ लुकलुकणारे रंग असतात. ज्याने कोणी तो काढला त्याने झिरमिळ्यांना तेच वापरले होते, एक आड एक, त्यामुळे झिरमिळ्या हलल्यासारख्या वाटतात. प्रोग्रॅमच्या डेटा ओळींमध्ये कोनांचे आकडे हाताने मांडलेले. एम्युलेटरमध्ये लाल-आकाशी, हिरवा-जांभळा असा झगमगाट. मग दुरुस्त झालेल्या यंत्रावर मोठ्या उत्साहाने चालवला, तर राखाडी. कारण मॉडेल बीचं कॉम्पोझिट व्हिडिओ आउटपुट मुळात कृष्णधवल आहे, रंग हवा तर बोर्डावरची एस३९ नावाची लिंक जोडावी लागते. जोडली. रंग आले आणि मोड ०मधली अक्षरं दुधात भिजल्यासारखी झाली. आता तिथे एक छोटं स्विच लावलंय. कंदिलासाठी रंग, कामासाठी राखाडी.

डब्याकडे परत येतो, कारण त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायची राहिली. एलिटची डिस्क आवृत्ती दर वेळी स्थानकात शिरताना आणि निघताना डिस्कवरून कोडचा तुकडा आणते. खऱ्या ड्राइव्हवर त्या क्षणी खर्र-खट-खट होतं आणि आपण कीबोर्डवरचे हात सैल सोडतो. डब्यावर शांतता. पहिल्यांदा मला वाटलं यंत्र अडकलं. फ्लॅशफ्लॉपीला एक छोटा स्पीकर जोडता येतो, हेड सरकल्याचा टिक-टिक आवाज काढणारा. मी याला आधी पोरखेळ म्हणत होतो. वीस रुपयांचा स्पीकर जोडला आणि सगळ्या खर्चात सर्वांत वसूल झालेले पैसे तेच. कानाला कळतं की वाचन चाललंय, लिहिताना पेनड्राइव्ह उपटायचा मोह होत नाही. तो उपटला तर प्रतिमेचं काय होतं ते करून बघू नका.

संक्रांतीच्या सुमारास शेवटी ओलेड स्क्रीन घेतली. ०.९१ इंच, चार तारा, अडीचशे रुपये. डब्याची खिडकी लहान पडली म्हणून कानशीने कडा घासाव्या लागल्या, त्याचा काळा भुसा टेबलावर आठवडाभर सापडत होता. आता फाइलीचं नाव दिसतं. कालनिर्णयचं पान फाडलं नाही, कारण मागच्या बाजूला दुधाचा हिशोब आहे. पण मुद्दा राहतोच. मला किरकोळीत अडीचशेला मिळालेली वस्तू कारखान्याला किती स्वस्त पडली असती? तीन लाल आकड्यांपायी मी तीन याद्या लिहिल्या. डब्याला साडेतीन. ओलेड लावलेलाच विकत मिळत असेल आणि दोनतीनशेच जास्त मागत असतील, तर डोळे मिटून तोच घ्या.

एक सूचना. प्रत-संरक्षण असलेल्या मूळ डिस्का एसएसडीत मावत नाहीत. त्यांचे वाकडेतिकडे सेक्टर त्या साध्या फाइलीत लिहिताच येत नाहीत, त्यासाठी एचएफई नावाची वेगळी प्रतिमा लागते. डबा तीही चालवतो. शाळेच्या पेटीतल्या डिस्का मात्र साध्या आहेत, फक्त निम्म्यांना बुरशी लागलीय. तशी डिस्क सरळ ड्राइव्हमध्ये घातली तर डिस्क आणि हेड दोन्ही जातं. आधी डिस्कच्या कवचातल्या खिडकीतून हळूहळू फिरवत आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाने पुसायची, वाळू द्यायची, आणि वाचून झाल्यावर दर वेळी हेडही पुसायचं. वाचायला ग्रीसवीझल बोर्ड (जुना ड्राइव्ह यूएसबीने संगणकाला जोडणारा) आणि मित्राचा १.२ एमबीचा जुना पीसी ड्राइव्ह वापरत होतो. मित्राने तो मेमध्ये परत मागितलाय आणि पेटी अर्धीच झालीय. पावसाळ्याआधी उरकायचं आहे. कोणाकडे चालू सव्वापाच इंची ड्राइव्ह असेल आणि भाव माणसातला असेल तर कळवा, पुणे-पिंपरीत स्वतः येऊन नेईन, कुरिअर नको.