सेस्ना १७२ मधून नामिब वाळवंट: सिम्युलेटरवरील सात महिन्यांचा अनुभव

गेले सात महिने मी संगणकावरील विमान-सिम्युलेटरमध्ये जवळजवळ एकाच प्रदेशावरून उडतो आहे. तो प्रदेश म्हणजे नामिबियाच्या किनाऱ्यालगतचे नामिब वाळवंट आणि त्याच्या पूर्वेला बोट्स्वानापर्यंत पसरलेले कालाहारी. विमान सेस्ना १७२, चार आसनांचे, १८० अश्वशक्तीचे. मध्यंतरी सेस्ना २१० चे प्रतिरूपही घेऊन पाहिले, कारण नामिबियात पर्यटकांना वाळवंटावरून फिरवण्यासाठी ते विमान मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. परंतु त्याच्या वेगामुळे एखादी टेकडी नीट पाहून होण्याआधीच मागे पडत असे, म्हणून मी पुन्हा १७२ कडे वळलो. पंख डोक्यावर असल्यामुळे खालची जमीन पंखाआड जात नाही, आणि या भटकंतीत तेच महत्त्वाचे आहे.

माझी बहुतेक उड्डाणे विंडहूक शहरातील एरोस विमानतळावरून सुरू होतात. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी, तापमान ३२ अंश असताना, पुण्याहून निघावे तसे मिक्स्चर (हवेत मिसळणाऱ्या इंधनाचे प्रमाण ठरवणारा दांडा) पूर्ण पुढे ठेवून मी निघालो. विमानाने जमीन सोडली, पण ते चढेना, आणि समोरच्या डोंगरांना वळसा घालून मला परत यावे लागले. त्या उंचीवर आणि त्या उन्हात हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी आपण जवळजवळ ९,००० फुटांवर असतो. तेव्हापासून धावपट्टीच्या टोकाशी थांबून, थ्रॉटल पूर्ण उघडून, इंजिनाचे फेरे सर्वाधिक होईपर्यंत मिक्स्चर हळूहळू मागे घेतो आणि मगच ब्रेक सोडतो. सिम्युलेटरने हा फरक प्रामाणिकपणे दाखवला, हे मला त्याचे सर्वांत मोठे बळ वाटते.

दुसरा धडा होकायंत्राचा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे इथल्या नकाशांवर शिकलेल्या माणसाला तो विचारात घेण्याची सवयच लागत नाही. नामिबियात मात्र हा फरक पश्चिमेकडे दहा अंशांहून अधिक आहे. एरोसहून वाळूच्या लाल टेकड्यांच्या तोंडाशी असलेले सेसरिएम सुमारे १३० सागरी मैल, म्हणजे सव्वा तासाची वाट आहे, आणि एवढ्या अंतरावर दहा अंशांची चूक विमानाला वीसहून अधिक सागरी मैल बाजूला नेते. उपग्रह-दिशादर्शक बंद ठेवून केलेल्या पहिल्या प्रयत्नात मी डावीकडे भरकटलो आणि लाल टेकड्यांऐवजी करड्या डोंगरांसमोर येऊन पोहोचलो. ज्यांना ही भटकंती मनापासून करायची आहे त्यांनी दिशादर्शकाचा पडदा बंदच ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण इथे कोरड्या नद्याच वाट दाखवतात आणि डोळे पडद्यावर असले तर त्या दिसत नाहीत.

सेसरिएमपासून त्साउखाब नदीचे कोरडे पात्र टेकड्यांच्या दोन रांगांमधून सुमारे ६० किलोमीटर पश्चिमेकडे जाते आणि सोससव्लेई येथे वाळूत संपते. हा टप्पा मी पन्नासहून अधिक वेळा उडालो असेन. सुरुवातीला मी संध्याकाळची वेळ निवडत असे, कारण छायाचित्रांत वाळूचा रंग तेव्हा सर्वांत गडद दिसतो. परंतु सिम्युलेटरमध्ये संध्याकाळी टेकड्या चपट्या दिसत, धारा पुसल्यासारख्या वाटत, आणि याचे कारण मला बऱ्याच दिवसांनी कळले. जमिनीवर जी उपग्रह-छायाचित्रे पसरलेली असतात, त्यांत टेकड्यांच्या सावल्या आधीच उमटलेल्या असतात. भूनिरीक्षणाचे बहुतेक उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास छायाचित्रे घेतात आणि दक्षिण गोलार्धात तेव्हा सूर्य ईशान्येकडे असल्यामुळे सावली नैर्ऋत्येला पडते. संध्याकाळी सिम्युलेटर स्वतःची सावली पूर्वेकडच्या उतारावर टाकतो, मग दोन्ही उतार काळवंडतात आणि मधली धार हरवते. सकाळी नऊ-दहाची वेळ ठेवली की दोन्ही सावल्या एकमेकींवर बसतात. त्या वेळी जमिनीपासून आठशे फुटांवरून, ७५ नॉट वेगाने, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) दहा अंश ठेवून गेले, तर ३०० मीटरहून उंच टेकड्यांची नागमोडी धार खिडकीतून शेवटपर्यंत न्याहाळता येते. लोहाच्या ऑक्साइडमुळे आलेला तो तांबूस रंग आणि त्याला लागून असलेली काळी सावली पाहताना मी कितीदा तरी दिशा राखायचे विसरलो आहे.

जवळून पाहिल्यावर मात्र निराशा होते. सोससव्लेईजवळच्या डेडव्लेईमध्ये बाभळीच्या कुळातली, सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळलेली झाडे पांढऱ्या मातीवर अजून उभी आहेत. सिम्युलेटरमध्ये त्यांच्या जागी आपोआप पेरलेली हिरवी झुडपे आहेत. कोल्मन्सकोप हे १९०८ मध्ये हिरे सापडल्यावर वसलेले आणि १९५६ पर्यंत ओस पडलेले गाव आहे. तिथल्या घरांत वाळू शिरलेली आहे, पण सिम्युलेटरमध्ये ती नव्या छपरांची साधी चौकोनी घरे आहेत. १९०९ मध्ये कन्सेप्शन उपसागराजवळ धुक्यात रुतलेले एडुआर्ड बोलेन हे जहाज आता किनाऱ्यापासून काहीशे मीटर आत वाळूत पडलेले आहे. ते शोधत मी तीन वेळा गेलो आणि हाती लागला तो जमिनीवरचा एक सपाट काळसर डाग. वाळवंटाचा इतिहास ज्या खुणांत उरला आहे त्याच इथे गाळल्या गेल्या आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दक्षिणेकडील फिश नदीची घळई मात्र उत्तम उतरली आहे. तिची लांबी सुमारे १६० किलोमीटर आणि खोली साडेपाचशे मीटरपर्यंत आहे, आणि एवढ्या मोठ्या आकाराला उंचीची माहिती थोडी विरळ असली तरी बाधा येत नाही. कालाहारीत पाहण्यासारखे त्या मानाने कमी आहे, तरी त्याच्या नैर्ऋत्य भागातल्या वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या समांतर लाल रांगांवर दिशा ताडून पाहता येते. संगणकावर या प्रदेशाचा भार शहरांच्या मानाने हलका पडतो, फक्त इंटरनेट मंदावले की जमीन धूसर होते.

अलीकडे मी सर्वाधिक वेळा कुइसेब नदीच्या काठाने किनाऱ्यावरच्या वॉल्विस बे शहराला जातो. तिच्या दक्षिणेला वाळूचा समुद्र आणि उत्तरेला खडीचे सपाट मैदान आहे, आणि दोहोंमधली सीमा आखल्यासारखी स्पष्ट आहे, कारण थोडे दिवसच येणारा पूर उत्तरेकडे सरकणारी वाळू वाहून नेतो. किनाऱ्यावर थंड बेंग्वेला प्रवाहामुळे धुके असते. सिम्युलेटरचे प्रत्यक्ष हवामान ते नीट दाखवत नाही, म्हणून मी ढगांचा थर हाताने ६०० ते १,५०० फुटांदरम्यान बसवतो. ६०० फुटांवर धावपट्टी दिसली नाही, तर समुद्राकडे न जाता पूर्वेला वळतो, नदीच्या काठाने पंधरा-वीस मिनिटे मागे येतो, कोरड्या पात्रावर घिरट्या घालत थांबतो आणि ऊन वाढले की थर स्वतःच काढून पुन्हा निघतो. त्यासाठी एरोसहून निघतानाच टाक्या पूर्ण भरून घ्याव्या लागतात.