रेंदांगमध्ये आपलं हळदीचं पान: विश्रामबागेतल्या मलेशियन हॉटेलात एक संध्याकाळ

आधी मुद्द्याचं सांगते. सांगलीच्या विश्रामबागेत शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत नवीन मलेशियन हॉटेल उघडलंय, तिथलं मटण रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं सुकं मटण, खायला जरूर जा. बाकी पदार्थांत काही छान जमलेत, काही फसलेत, आणि एका गोष्टीवरून मला तिथे चारचौघांत आवाज चढवावा लागला. तरी रेंदांगसाठी मी पुन्हा जाणार. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझं माहेर डिग्रजचं. घरची हळद. नवऱ्याची नोकरी क्लांग बंदरात क्रेनच्या देखभालीची होती, म्हणून २०११ ते २०१५ अशी चार वर्षं आम्ही मलेशियात काढली. शेजारी एक मलय बाई राहायच्या. तिकडे अशा वडीलधाऱ्या बाईला ‘मकचिक’ म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. ईदच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे रेंदांग शिजत होतं. मी मदतीला गेले, तर त्यांनी मला दारातल्या कुंडीतून ‘दाउन कुन्यित’ तोडून आणायला सांगितलं. मी लांबट पान तोडलं, सहज बोटांत चुरगळलं आणि वास आला तशी तिथेच उभी राहिले. हळदीचं पान होतं ते! लहानपणी ज्या पानांच्या दाटीत आम्ही लपंडाव खेळलो, ते पान. आमच्याकडे हळद काढायच्या आधी पाला कापून बांधाला टाकतात. कोकणात त्यात पातोळ्या करतात हे ऐकून माहीत होतं, पण आमच्या कृष्णाकाठी हे पान जेवणात घालायचं असतं असं मला कुणी शिकवलं नव्हतं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा घरात पेढे वाटले. पण सगळं कौतुक कंदाचं, पान बांधावरच राहिलं.

तेव्हा सांगलीत मलेशियन हॉटेल निघालंय म्हटल्यावर मला एवढंच पाहायचं होतं, की रेंदांगमध्ये हळदीचं पान आहे का.

तुळशीची लग्नं उरकली, चातुर्मास संपला, तेव्हा सासूबाईंना घेऊन निघालो. त्या माळकरी. मटण-मासे शिजतात तिथे एरवी पाय ठेवत नाहीत. पण नात हट्ट धरून बसली. ती क्लांगला बालवाडीत जायची आणि शाळा सुटली की कोपऱ्यावरच्या टपरीत रोटी खायची, ते तिला अकरावीत गेली तरी आठवतं. ‘रोटी आन् च्या घेते, दुसरं काय नगं,’ या अटीवर सासूबाई आल्या.

जागा म्हणजे जुना बंगला. खाली दहा-बारा टेबलं, भिंतींवर बाटिकची कापडं. गाणी फार मोठ्याने लावली होती, सांगितल्यावर कमी केली. दुचाकी दारात लागते, गाडी मात्र मुख्य रस्त्यावर लावून चालत यावं लागतं.

पहिली रोटी आली. रोटी चनाय, ८० रुपयांना एक. तमिळ मुसलमानांनी ती मलेशियात घरोघर पोचवली, त्यांच्या टपऱ्यांना तिकडे ‘मामाक’ म्हणतात. मैद्याचा गोळा तेलात मुरवायचा, ओट्यावर आपटत आणि हवेत फिरवत इतका पातळ करायचा की पलीकडचा हात दिसावा, मग घडी घालून तव्यावर टाकायचा. खरी मेख शेवटी आहे. तव्यावरून काढलेली गरम रोटी दोन्ही हातांत धरून टाळी वाजवावी तशी चेपायची, म्हणजे पदर सुटतात. हा चटका सोसायला नको म्हणून बरेच जण ते टाळतात. इथे काउंटरवर मुलगा ते करत होता, आणि रोटीचे पदर खरोखर सुटे होते. सोबत तिकडे डाळ येते, इथे कटाची आमटी दिली. मला हे मनापासून आवडलं. मामाकची डाळही पातळच असते, रोटी त्यात बुडते आणि मऊ होते. कटाच्या आमटीत दालचिनी-लवंगेचा मसाला आहे, चिंचेचा आंबटपणा आहे, मैद्याला तो हवाच असतो. सासूबाईंनी एक घास घेतला आणि विचारलं, ‘पुरण न घालता कट कुठनं काढला ह्यांनी?’ आणि दुसरी रोटी मागवली.

दुसरी रोटी आली तिच्याबरोबर एक लाल वाटी आली. सांबाल. मेनूकार्डावर रोटीसमोर हिरवी खूण होती, सांबालसमोरही होती. सासूबाईंनी रोटीचा तुकडा वाटीकडे नेला तेवढ्यात माझ्या नाकाला वास लागला आणि मी त्यांचा हात धरला. बलाचानचा वास होता तो. आपला जवळा असतो ना, तसलीच बारीक कोळंबी मीठ लावून आंबवतात, वाळवतात आणि तिच्या वड्या पाडतात, ते बलाचान. मलय स्वयंपाकात आपल्या हिंगासारखं ते कशातही पडतं. वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘व्हेजच आहे मॅडम, नुसती मिरचीची चटणी.’ मी म्हणाले, आत जाऊन विचारून ये. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. ‘थोडी फिश पेस्ट असते म्हणतात.’

तेव्हा माझा आवाज चढला. सासूबाईंच्या गळ्यात चाळीस वर्षं माळ आहे. मी चार वर्षं त्या वासात राहिले म्हणून मला कळलं. ज्या घरात कुणी मलेशिया पाहिलेला नाही, त्यांनी कसं ओळखायचं? त्यांचा भरवसा त्या हिरव्या खुणेवर. ती खूण छापणाऱ्याने आपल्या वाटीत काय पडतंय हे माहीत करून घेतलंच पाहिजे, याला दुसरी बाजू नाही.

आतून आचारी स्वतः बाहेर आले. तिशीचा तरुण, तासगावकडचा, पेनांगला सहा वर्षं हॉटेलात काम केलेला. सासूबाईंसमोर हात जोडून म्हणाले, ‘आज्जी, चूक आमची हाय. कार्ड छापताना आम्ही नीट बघितलं न्हाई.’ सबबी सांगितल्या नाहीत. मग धुतलेल्या वेगळ्या खलात त्यांनी नवीन सांबाल कुटलं. बलाचानच्या जागी तौचू घातलं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट. शाकाहारी घरांत तिकडेही तेच वापरतात. सासूबाई मला म्हणाल्या, ‘इठ्ठलानं वाचवलं. आता पोराला लई बोलू नगंस.’ मग मी थांबले. त्यांनी नवीन वाटीला हात लावला नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही.

मग रेंदांग आलं.

छोट्या काळ्या वाडग्यात, रस्सा नाही, गडद चॉकलेटी मसाला मटणाला लपेटलेला आणि कडेला तेलाची बारीक झालर. मी आधी खाल्लं नाही, चमच्याने मसाला बाजूला सारून पाहिलं. केसासारखं बारीक चिरलेलं, शिजून काळपट हिरवं झालेलं पान होतं. एक धागा बोटांनी उचलला आणि नाकाशी धरला. हळकुंडाचा मातकट वास वेगळा. पानाचा वास आंबेहळदीच्या जवळ जातो, थोडा कैरीकडे, मागे किंचित कडवट. शिजल्यावर तो मऊ होतो, पण जात नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याला न सांगता कळलं.

आपल्याकडच्या सुक्या मटणाची सवय असलेल्यांना रेंदांगची चव लगेच पटेल, पण रीत उलटी आहे. आपण कांदा-लसूण-खोबऱ्याचं वाटण आधी परततो, मग मटण शिजवतो. रेंदांगमध्ये मटण आणि वाटण एकदमच नारळाच्या दुधात पडतं. मंद आचेवर तीन-चार तास ते दूध आटतं, आटता आटता त्याचंच तेल सुटतं, आणि मग त्याच तेलात मटण परतून गडद होतं. शेवटी ‘करिसिक’ पडतं. खवलेला नारळ कोरडा भाजून, तेल सुटेपर्यंत कुटलेला. आपल्या भाजक्या खोबऱ्याचा हा सख्खा भाऊ. वाटणात गवती चहा असतो, तोही पाती नाही, खालचा पांढरा बुंधा. आणि कुलिंजन. काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेलं मिळतं त्यात तो ताजेपणा नसतो, इथे ओलं वापरलं होतं, मुंबईहून येतं म्हणाले. मुळात हा पदार्थ सुमात्रातल्या मिनांगकबाऊ लोकांचा, ते समुद्र ओलांडून मलय भागात आले तेव्हा त्यांच्याबरोबर आला. इतकं आटवलेलं मटण गरम हवेतही बरेच दिवस टिकतं, प्रवासाला निघालेल्या माणसांच्या कामाचं.

दोन फोडी जरा चिवट होत्या, अजून अर्धा तास भांडं चुलीवर राहायला हवं होतं. तरीही ४६० रुपयांत सांगलीत असं रेंदांग मिळतंय, मला डोळे पुसावे लागले.

पान कुठून आणता, मी विचारलं. हरिपूरच्या बाजूचा एक शेतकरी देतो म्हणाले. जानेवारीत पाला पिवळा पडतो, म्हणून आत्ताच पानं धुऊन, पुसून, गोठवून ठेवायची आणि वर्षभर पुरवायची. ‘पहिले सहा महिने मी पानाविना केलं ताई. लोकांना फरक कळत न्हवता, पण मला कळायचा.’ हे वाक्य ऐकल्यावर माझा उरलेला राग गेला.

त्यांचं डोकं जिथे जवळच्या जिनसांकडे वळलंय तिथे पदार्थ उभा राहतो. असाम लाक्सा घ्या (३६० रुपये). पेनांगचा हा आंबट-तिखट रस्सा बांगड्याचाच असतो, त्यात तांदळाच्या जाड शेवया. तिकडे आंबटपणाला चिंच आणि ‘असाम कपिंग’ नावाच्या फळाच्या वाळलेल्या चकत्या घालतात. ते झाड आपल्या कोकमाच्याच कुळातलं. इथे त्यांनी आमसूल घातलंय, आणि रस्सा थोडा लालसर दिसतो एवढं सोडलं तर जीभ फसते. पुदिना, अननस, काकडी, कांदा वरून होता. आल्याच्या जातीच्या रानफुलाची कळी तिकडे घालतात, ती नव्हती, आणि तिचा गुलाबासारखा वास मला आठवत राहिला. मुलीने वाडगा पुसून खाल्ला.

नासी लमाक मात्र जमलेलं नाही. नासी म्हणजे भात, लमाक म्हणजे स्निग्ध. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सांबाल, तळलेले सुके मासे, शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं. तिकडे भातात पांदानचं पान गाठ मारून टाकतात. आपल्याकडे काही जण ते कुंडीत लावतात, साध्या भाताला आंबेमोहोराचा वास येतो म्हणून. यांनी सरळ आंबेमोहोर तांदूळच घेतलाय. विचार सुरेख आहे, पण आंबेमोहोर मुळातच मऊ आणि चिकट, नारळाच्या दुधात त्याचा गोळा झाला. या भाताचं शीत मोकळं हवं. लांब दाण्याचा तांदूळ घेऊन पांदान घाला, असं मी त्यांना सांगितलं. त्यातलं सांबाल (माशाचं, मी आणि नवऱ्याने खाल्लं) अव्वल होतं. मिरची इतकी सावकाश परतली होती की तेल पूर्ण सुटलेलं. मलयमध्ये त्याला ‘पचाह मिन्याक’ म्हणतात, शब्दशः तेल फुटणं, आणि आपण म्हणतो तेल सुटणं. दोन्हीकडच्या बायका एकाच खुणेकडे डोळे लावून बसतात.

साते, म्हणजे काडीला लावून भाजलेलं मांस, २८० रुपयांना सहा काड्या, घेऊ नका. तव्यावर भाजलेलं होतं. साते कोळशावरच हवं, गवती चहाचा ठेचलेला बुंधा तेलात बुडवून त्याने मांसावर फिरवायचं, धूर लागायला हवा. शेंगदाण्याची चटणी तर फारच गोड. सांगलीत शेंगदाण्याच्या कुटाचं कुणाला काय सांगायचं, आणि इथेच ते चुकावं याचं वाईट वाटलं. मेनूत रेंदांग चीज पाव नावाचाही एक प्रकार आहे. शेजारच्या टेबलावरचा एक घास त्या मुलांनी प्रेमाने चाखायला दिला, पण चीजखाली पानाचा वास पार मेला होता.

शेवटी चेंदोल (१६० रुपये). बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया आणि वर माडाच्या नीरेच्या गुळाचा पाक. मलाक्काच्या त्या गुळाला धुराचा वास असतो. इथे काकवी ओतली होती. धूर नाही, पण उसाची खारट-गोड खोली आहे, नारळाच्या दुधाशी ती छान बसली. शेवयांना मात्र पांदानचा बाटलीतला अर्क होता, कळतो. तेह तारिक ६० रुपये. दोन मगांतून हातभर उंचीवरून ओढत केलेला कंडेन्स्ड मिल्कचा चहा, वर जाड फेस. सासूबाईंनी तो बशीत ओतला आणि फेस फुंकत सावकाश प्यायल्या.

चार रोट्या, चार चहा धरून बिल २१४० रुपये, वर पाच टक्के जीएसटी, म्हणजे २२४७. सोमवारी बंद असतं.

निघताना मी भावाचा नंबर दिला. परवा त्याने डिग्रजहून पानांची पहिली पेंढी पोचवली, पैसे नको म्हणाला तरी त्यांनी दिले. सांबालसमोरची हिरवी खूण खोडून तिथे ‘यात सुकी कोळंबी आहे’ अशी मराठीत चिठ्ठी चिकटवलीय, तो फोटोही भावाने पाठवला. नवीन कार्ड छापून यायला वेळ लागेल. तोवर शाकाहारी मंडळींनी रोटीबरोबरची लाल वाटी विचारूनच घ्यावी, आणि वाढणाऱ्या पोराला न विचारता थेट आत विचारावं.