मंडई, पावसाळा, सणवार : वाचोपचारासाठीच्या एका मराठी कार्डसंचाविषयी

वाचोपचारासाठी, म्हणजे बोलण्याच्या आणि भाषेच्या अडचणींवरील उपचारासाठी, इंग्रजीत विषयवार कृतिपत्रिकांना तोटा नाही. परंतु नामाला ‘एस’ जोडून अनेकवचन करण्याचा सराव मराठी बोलणाऱ्या मुलाच्या काय उपयोगाचा? त्याच्यापुढे तीन लिंगे, लिंगागणिक निराळी अनेकवचने आणि प्रत्यय लागण्यापूर्वी बदलणारे नामाचे रूप (सामान्यरूप) असा सगळा पसारा असतो. नेमका हाच पसारा डोळ्यांसमोर ठेवून केलेला एक मराठी कार्डसंच मी सध्या चार ते सात वर्षांच्या, भाषाविकासात मागे राहिलेल्या मुलांसाठी वापरते आहे.

यातला मंडईचा भाग अव्वल आहे. भाजी आणि फळे हा विषय केवळ रंगीत दिसतो म्हणून घेतलेला नाही. आंबा–आंबे, चिंच–चिंचा, काकडी–काकड्या, केळे–केळी अशी अनेकवचनाची निरनिराळी वळणे एकाच टोपलीत सापडतात, हे त्यामागचे खरे कारण आहे. त्याहून मोलाची कृती भूतकाळाची. दादाचे चित्र जागेवरच राहते, त्याच्या हातातले फळ तेवढे बदलत जाते आणि मुलाने ‘दादाने आंबा खाल्ला’, ‘दादाने चिंच खाल्ली’, ‘दादाने केळे खाल्ले’ असे म्हणायचे असते. क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे न बदलता खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते, हा मराठीतला अवघड नियम एकही व्याख्या न सांगता मुलाच्या कानावर पुन्हा पुन्हा पडतो. मूल ‘चिंच खाल्ला’ म्हणाले, तर त्याला ‘चुकलास’ न म्हणता ‘हो, दादाने चिंच खाल्ली’ असे योग्य रूप सहजपणे ऐकवावे, ही सूचना कार्डाच्या मागेच छापलेली असल्याने पालकांनाही ती घरी पाळता येते. ही पद्धत वाचोपचारात रुळलेली आहे.

पावसाळ्याच्या भागात पाऊस–पावसात, डबके–डबक्यात, झाड–झाडाखाली अशी सामान्यरूपे उत्तम निवडली आहेत. मात्र बहुतेक कार्डांवर पूर्ण वाक्य आयते छापलेले असल्यामुळे वाचू लागलेले मूल ते नुसते वाचून मोकळे होते आणि स्वतः वाक्य जुळवण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. मी त्या ओळीवर कागदाची पट्टी लावते आणि ‘बेडूक डबक्यात आहे की छत्रीखाली?’ असे विचारते; मग उत्तरासाठी मुलाला योग्य रूप शोधावेच लागते.

सणवाराचा भाग निराशा करतो. मोदक, पणती, गुढी यांची चित्रे सुरेख असली, तरी काम केवळ नावे सांगण्याचे आहे. ‘आईने पणती लावली’, ‘आईने पणत्या लावल्या’ एवढी जोडी दिली असती, तरी वचनाचा सराव साधला असता.

आणखी एक गोष्ट खटकते. संचात सर्वत्र ‘केळे’, ‘वांगे’ अशी लेखी रूपे आहेत, तर बहुतेक घरांत मुलाच्या कानांवर ‘केळं’, ‘वांगं’ पडते. ज्या मुलाला ऐकलेले रूप पकडतानाच कष्ट पडतात, त्याच्यापुढे दुसरे रूप ठेवू नये, म्हणून तोंडी सरावात मी घरचेच रूप वापरते.

भाग सुटे मिळतात. मंडई आणि पावसाळा अवश्य घ्यावेत. सणवाराचा भाग सध्याच्या स्वरूपात घेऊ नये.