मकरपुरा जीआयडीसीतली (बडोद्याची औद्योगिक वसाहत) टेस्टिंग लॅब, आमचा अनुभव

आमचं छोटं युनिट आहे बडोद्यात, गीझर बनवतो. गीझरला आयएसआय मार्क सक्तीचा, म्हणून अर्ज करायच्या आधी एकदा खासगी लॅबमध्ये प्री-टेस्ट करून घेतली आणि खरं सांगतो, पैसे वसूल झाले.

पहिल्याच दिवशी अर्थ कंटिन्युइटीत (अर्थिंगची जोडणी बॉडीपर्यंत नीट आहे का, ती टेस्ट) फेल! २५ अँपियर सोडून अर्थ टर्मिनल ते बॉडी रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आत लागतो, आमचा दुप्पट आला. मला वाटलं वायर बारीक असेल, पण तिथल्या ताईंनी स्क्रू काढून दाखवला, खाली पावडर कोटिंग तसंच होतं. मेटलला मेटल नीट लागतच नव्हतं! रंग खरवडून दातेरी वॉशर टाकला, लगेच पास. हे मल्टीमीटरवर कधीच कळलं नसतं कारण तो इतका कमी करंट सोडतो की असा कच्चा जॉइंटसुद्धा चांगला वाटतो. ओल्या बाथरूममध्ये माणसाचा जीव या एका स्क्रूवर असतो हो, त्या दिवसापासून असेंब्लीत प्रत्येक पीस चेक होतो.

लीकेज करंट, हाय व्होल्टेज या बाकीच्या टेस्ट ठीक.

रिपोर्ट मात्र चार दिवस उशिरा, आणि फोन उचलत नाहीत, हे सुधारायलाच हवं. शिवाय जायच्या आधी लॅबच्या एनएबीएल स्कोपमध्ये (कोणत्या टेस्टसाठी लॅबला मान्यता आहे, ती यादी) तुमचं स्टँडर्ड आहे का ते बघा, नुसता बोर्ड बघून जाऊ नका.

पाचपैकी चार स्टार. पुढचं मॉडेल पण इथेच नेणार.