डिफ-इन-डिफ की कटऑफ? धोरणाचा परिणाम तपासताना

योजना लागू झालेली आहे, आकडेवारी हाताशी आहे, पण लाभार्थी चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. मग निवड बहुतेकदा दोन पद्धतींवर येऊन थांबते: डिफरन्स-इन-डिफरन्सेस (डिफ-इन-डिफ), म्हणजे योजना मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत आधी-नंतर झालेल्या बदलांची तुलना, किंवा रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी, म्हणजे पात्रतेच्या कटऑफच्या अलीकडचे आणि पलीकडचे यांची तुलना.

डिफ-इन-डिफ जवळपास कुठेही बसते. न्यू जर्सीने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही. कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट-फूड दुकानांतला बदल ताडून पाहिला. रोजगार घटेल अशी अपेक्षा होती, पण तो घटलेला दिसला नाही.

किचकट भागांवर उपायही आहेत. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुलईनाथन या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये काल्पनिक कायदे आकडेवारीवर लावून पाहिले: ५ टक्के पातळीवर, म्हणजे शंभरात पाचदाच चूक अपेक्षित असताना, ४५ टक्क्यांपर्यंत वेळा ‘परिणाम’ सापडला, कारण एकाच राज्याची लागोपाठची वर्षं एकमेकांशी बांधलेली असतात. तेव्हा स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) राज्यनिहाय क्लस्टर करा, म्हणजे एका राज्याच्या नोंदी एक गट धरून मोजा; राज्यं मोजकीच असतील तर वाइल्ड बूटस्ट्रॅप, म्हणजे आकडेवारीतूनच पुन्हापुन्हा नमुने बनवून ती अनिश्चितता मोजणं. योजना टप्प्याटप्प्याने आली असेल तर साधं टू-वे फिक्स्ड इफेक्ट्स (प्रत्येक राज्याचा आणि प्रत्येक वर्षाचा कायमचा फरक वजा करणारं रिग्रेशन) वापरू नका. त्यात आधी लाभ मिळालेले नंतरच्यांसाठी तुलनागट बनतात, आणि उत्तराचं चिन्हसुद्धा उलटू शकतं.

खरी डोकेदुखी समांतर कलाची. योजना नसती तर दोन्ही गट सारखेच चालले असते, हे गृहीतक कधीच थेट तपासता येत नाही. मग योजनेआधीच्या चार-पाच वर्षांचा आलेख दाखवला जातो. दोन गटांतल्या फरकाचे बिंदू शून्याच्या आसपास, पण प्रत्येकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा) एवढा रुंद की खऱ्या परिणामाइतका कलातला फरक त्यात सहज मावेल. ‘फरक सापडला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा लावून मंडळी पुढे सरकतात. तुलनागट बदलला की उत्तर बदलतं, आणि वाद मिटत नाही.

कटऑफ पद्धतीतला दोष निदान नजरेस पडण्याची शक्यता जास्त. कोलंबियात सरकारी लाभासाठी गरिबी गुणांकाची मर्यादा ४७ होती; त्याखालची कुटुंबं पात्र. गणनसूत्र स्थानिक अधिकाऱ्यांना कळल्यावर ४७ च्या जरा खाली कुटुंबांची गर्दी झाली. साध्या हिस्टोग्रामात ते दिसतं, फक्त एका खान्याची कड नेमकी कटऑफवर हवी. त्यानंतर योजनेआधीची वैशिष्ट्यं कटऑफवर उडी घेत नाहीत ना, ते पाहा. लोकल लिनिअर, म्हणजे कटऑफजवळच्या नोंदींना दोन्ही बाजूंनी सरळ रेषा, वापरा, वरच्या घाताची बहुपदी नको. तिच्यात टोकाच्या नोंदी उत्तर हवं तिकडे ओढतात. बँडविड्थ (कटऑफपासून किती अंतरापर्यंतच्या नोंदी घ्यायच्या) निम्मी आणि दुप्पट करून उत्तर टिकतं का बघा. त्याच कटऑफवर दुसरी योजना बसलेली असेल तर मात्र सगळंच गढूळ.

किंमतही आहे. उत्तर कटऑफजवळच्यांपुरतंच लागू, आणि तिथे नोंदी भरपूर लागतात. सर्वांत गरीब घरांचं काय झालं, हाच प्रश्न असेल तर डिफ-इन-डिफकडे जाणं कदाचित बरं. पण पात्रतेचा आकडा नियमात लिहिलेला असेल आणि प्रत्यक्षात पाळला गेला असेल, तर आधी कटऑफ करून पाहावं असं मला वाटतं. पाळला गेला का, हे लाभाचं प्रमाण गुणांकासमोर मांडून कळतं: कटऑफवर ते शून्यावरून शंभर टक्क्यांवर न जाता तीस-चाळीस टक्क्यांनीच वाढत असेल तर फझी प्रकार (परिणामातल्या उडीला लाभातल्या उडीने भागणारा) वापरा, उडीच नसेल तर ही पद्धत तिथे सोडून द्या.