परतलेल्या कामगारांसाठीचे कायदेशीर साहाय्य केंद्र : माझा अनुभव

परदेशातील नोकरी अचानक सुटल्यावर थकलेला पगार बुडालाच, असे गृहीत धरून मी या केंद्रात गेलो होतो. परंतु तेथील वकिलांनी करारपत्र, बँकेतील नोंदी आणि मोबाइलमधील हजेरीचे फोटो तासभर बसून तारखेनुसार लावून घेतले, आणि परदेशातून निघण्यापूर्वी मुखत्यारपत्र (आपल्या वतीने काम पाहण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) केले असते तर दावा चालवणे किती सोपे झाले असते, हेही न रागावता समजावले. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या करारातील कलम २२ हकालपट्टीनंतरही वेतनाचा दावा निकाली काढण्याची संधी देते आणि कलम ३२ कमाई व बचत सोबत नेण्याचा हक्क मान्य करते, हे मला तेथेच कळले. ज्या देशाने हा करार स्वीकारलेला नाही, त्याच्यावर तो बंधनकारक नसतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. ही प्रांजळता मला फार मोलाची वाटली.

आर्थिक मार्गदर्शन मात्र दुबळे आहे. परदेशात मिळवलेल्या कौशल्याचे प्रमाणपत्र कसे मिळवावे, तेथे भरलेली सामाजिक सुरक्षेची वर्गणी परत मिळेल का, याविषयी कोणी बोलले नाही. दलालाचे पैसे अजून फेडत असलेल्या माणसापुढे नव्या कर्जाचा अर्ज ठेवला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.