प्रायमाक्वीन 7.5 मिग्रॅ.: औषध पक्कं, पाकीट कच्चं

मुंबईत पावसाळ्यात रिपोर्टवर ‘पीव्ही’ (म्हणजे व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया) आला की साधारण ठरलेलं असतं: क्लोरोक्वीन तीन दिवस, या गोळ्या चौदा दिवस. ताप उतरवल्याचं श्रेय क्लोरोक्वीन घेऊन जातं. जंतू तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि उरलेल्या विषारी हीमचे निरुपद्रवी खडे करून ठेवतो. क्लोरोक्वीन ते खडे होऊ देत नाही, मग तो स्वतःच्याच उष्ट्यानं मरतो. पण व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून असतात. तिथे क्लोरोक्वीनचं काही चालत नाही, प्रायमाक्वीनच लागतं.

प्रौढाला रोज 15 मिग्रॅ., म्हणजे दोन गोळ्या, एकूण 28. हा हिशेब साठ किलोच्या माणसाचा. वजन बरंच जास्त असेल तर डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोळी जेवणानंतरच. उपाशीपोटी पोटात कळ येते आणि कोर्स तिथेच सुटतो. एरवी तो सुटतो ताप गेल्यामुळे: चौथ्या दिवशी लोकल पकडली, उरलेल्या गोळ्या फ्रिजवर. काही आठवड्यांनी पुन्हा थंडी वाजली की शिव्या गटारातल्या डासांना. (मुंबईतला मलेरियाचा डास गटारातला नव्हेच, तो टाकीतल्या स्वच्छ पाण्यातला.)

सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी तपासणी करून घ्या. हे एन्झाइम कमी असेल तर प्रायमाक्वीन तांबड्या पेशी फोडतं. पारशी समाजात ही कमतरता जास्त आढळते, तिथे तर तपासणी टाळूच नये. लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले की गोळी बंद आणि थेट दवाखाना. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला हे औषध नाही.

औषधाला पाच तारे, पाकिटाला दोन. दहाच्या पट्ट्या असतील तर 28 गोळ्यांसाठी केमिस्ट तिसरी कापून देतो आणि मुदतीची तारीख नेमकी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. पट्टीवर दिवसांचे आकडेही नसतात, त्यामुळे सातवा दिवस की आठवा, हा घोळ होतोच. बॉलपेननं मागच्या फॉइलवर तारखा घाला, हलक्या हातानं, नाहीतर फॉइल फाटून गोळीला मुंबईची दमट हवा लागते. महापालिकेच्या दवाखान्यात रक्ततपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत मिळतात. तिथे मात्र चौदाही दिवसांच्या मोजून घ्या.